'सहज हजारो डॉलर' : एक दुरुस्ती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी शहरांतल्या रात्रीच्या भटकंतीवर आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्यात स्ट्रिप क्लबवर एक परिच्छेद होता. पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठे बसावं, किती पैसे जवळ ठेवावेत, असं बरंच काही त्यात होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेवटी एक वाक्य होतं, की तिथल्या मुली एका रात्रीत सहज हजारो डॉलर कमावतात. ते वाचलं, पेपर बाजूला ठेवला आणि कपाटातून एक टिश्यू पेपर शोधून काढला. ऑक्टोबर २०२३पासून तो माझ्याकडे आहे. त्यावर बॉलपेनने लिहिलेले आकडे आहेत. हे पत्र त्या आकड्यांसाठी लिहीत आहे.

मी एका कंपनीत पगारपत्रकाचं काम करते. १७ वर्षं झाली. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, कपाती आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. कुणी आपली कमाई सांगितली की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की हा आकडा कपातीच्या आधीचा की नंतरचा? आपल्या लेखकाने हा प्रश्न विचारलेला नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे अमेरिकेत सिॲटलला होते. काम संपलं त्या मंगळवारी आम्ही नऊजण बाहेर जेवायला गेलो. जेवण उरकल्यावर तिथल्या एका सहकारी बाईंनी सुचवलं, की ज्यांनी स्ट्रिप क्लब कधी पाहिलेला नाही त्यांनी आज पाहून घ्यावा. त्या माझ्याहून वयाने मोठ्या, आणि नाटकाला चला म्हणावं इतक्या सहज म्हणाल्या. दोघांनी नको म्हटलं, ते परत गेले. मी फुटपाथवर बराच वेळ उभी होते. नवऱ्याला मेसेज टाकला. त्याने लिहिलं, "जायचं तर जा, मला काही वाटणार नाही." मग गेले. त्या जागेची मला आधीपासून किळस होती आणि ती घेऊनच मी आत शिरले, हे सुरुवातीलाच सांगायला हवं.

दारावर पासपोर्ट बघितला, २० डॉलर घेतले आणि बजावलं की आत गेल्यावर मोबाइल खिशाबाहेर काढायचा नाही, एकदाही नाही. आत गेल्यावर पहिली जाणीव झाली ती थंडीची. एसी इतका की मी कोट काढला नाही. आणि त्या थंडीत काम करणाऱ्यांच्या अंगावर काय होतं ते सांगायला नको. दारू नव्हती. सोडा, ज्यूस, पाणी, एवढंच. आणि त्यातलं काहीतरी प्रत्येकाने घ्यायलाच हवं. आमच्यातल्या दोघांचा त्यावरून विरस झाला. त्या काळात वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नव्हे, सिॲटल ज्या राज्यात आहे ते) अशा क्लबांना दारू विकता येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येतो.

पहिली पाच-सात मिनिटं माझी नजर टेबलावरून वर गेली नाही. वर गेली ती एका आवाजाने. ओल्या काचेवरून अंगठा ओढल्यावर येतो तसा आवाज. पाहिलं तर एक मुलगी स्टीलच्या खांबावर उलटी होती. एका गुडघ्याच्या मागच्या घडीत खांब धरलेला, दोन्ही हात मोकळे, सगळा भार त्या घडीवर. आवाज कातडी स्टीलवर घासल्याचा होता. मग ती सावकाश, अगदी सावकाश खाली आली. इतक्या हळू उतरायला पोटात आणि पाठीत किती ताकद लागत असेल, ते ज्याने साधा पुलअप करून पाहिला असेल त्याला कळेल. मांडीच्या आतल्या बाजूला आणि पोटऱ्यांवर मारल्यासारखे डाग होते, काही जांभळे, काही पिवळे पडलेले. ते खांबाचे डाग. कारकुनाच्या बोटाला पेनाचा घट्टा पडतो तसे.

पुढची मुलगी आली ती हातात स्प्रेची बाटली आणि फडकं घेऊन. नाव पुकारून झालेलं, गाणं अजून लागायचं होतं. तेवढ्यात तिने खांब पुसून घेतला. आधी खालपासून, मग त्या आठ इंची पारदर्शक टाचांवर उंच होऊन हात पोचेल तिथपर्यंत. मन लावून पुसला. आधीच्या मुलीच्या अंगाचा घाम किंवा लोशन खांबावर राहिलं तर पकड सुटते आणि माणूस डोक्यावर पडतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं की एक बाई कामाला लागण्याआधी आपली जागा साफ करते आहे. माझी किळस तिथे पहिल्यांदा हलली.

प्रत्येकीला दोन गाणी. स्टेजच्या कडेला लाकडी कठडा आणि त्याला लागून खुर्च्या. तिथे बसणाऱ्याने प्रत्येक गाण्याला निदान एखादी नोट ठेवायची, असा रिवाज. बहुतेक नोटा एक डॉलरच्या. कुणी एकदम बरीच चवड उधळली की आपला दौलतजादा हा शब्द आठवायचा. पण मंगळवारची रात्र, गिऱ्हाईक थोडं, उधळणारे त्याहून थोडे.

जे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही ते कपडे उतरवण्याचं नाही. ते गाणं संपल्यानंतरचं आहे. गाणं थांबतं, दिवे बदलतात, निवेदक पुढचं नाव पुकारू लागतो, आणि सगळ्यांच्या माना आपापल्या टेबलाकडे वळतात. तेव्हा ती मुलगी गुडघ्यांवर बसून नोटा गोळा करत असते. अंगावर अजून कपडे नाहीत. दोन्ही तळव्यांनी नोटा ओढून घेते आणि एका छोट्या पिशवीत कोंबते. चेहऱ्यावर मघाचं हसू नाही, कुठलाच भाव नाही. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. तिच्याकडे कुणी बघत नाही. पैसे नाच बघण्याचे होते, हे बघण्याचे नव्हते. एक नोट उडून माझ्या खुर्चीखाली आली होती. मी वाकून ती उचलली आणि कठड्यावर ठेवली. तिने 'थँक यू' म्हटलं, ते मनापासून होतं.

आता आमच्या टेबलाबद्दलही लिहायला हवं. आमच्यात एक मराठी मुलगा होता, तिशीच्या आतला, कामात हुशार, मला ताई म्हणणारा. तो कठड्याशी जाऊन बसला. दोन बोटांत पाच डॉलरची नोट धरायचा, नाचणारी मुलगी जवळ आली की हात मागे घ्यायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाकीचे हसत होते. ती पण हसली, कारण हसणं तिच्या कामात धरलेलं होतं. मी उठून त्याच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "तिची ड्यूटी चालू आहे रे. दे ती नोट." तो म्हणाला, "अहो ताई, गंमत आहे." मी म्हटलं, "महिनाअखेरीला तुझ्या पगाराची मी अशी गंमत केली तर?" त्याने नोट ठेवली. चांगला मुलगा आहे तो. नियम माहीत नसलेल्या जागी गेल्यावर चांगली माणसंही कशी वागतात, ते मी तेव्हा बघितलं.

मघाची खांब पुसणारी मुलगी थोड्या वेळाने आमच्या टेबलाशी आली. माझ्या शेजारी बसू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. पंचविशीची असेल. तिथलं तिचं नाव इथे लिहीत नाही, खरं मी विचारलं नाही. मी काय काम करते असं तिने विचारलं. पगारपत्रकं, असं सांगितल्यावर तिचा चेहरा एकदम जागा झाला. म्हणाली, मग तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का? आणि तिने सांगायला सुरुवात केली. मी पर्समधून पेन काढलं, समोरचा टिश्यू ओढला.

ती आठ वाजता आली होती. आता साडेअकरा. स्टेजवर दोनदा गेली, एकदा १४ डॉलर मिळाले, एकदा ९. आतल्या बाजूला गिऱ्हाइकापुढे दोन नाच केले, ४० प्रमाणे ८०. एकूण १०३. आता दुसरी बाजू. नाचायला जागा दिली म्हणून क्लब तिच्याकडून त्या रात्रीचे १२० डॉलर घेणार. याला तिथे हाऊस फी म्हणतात. कमाई झाली नाही तरी द्यायची. आदल्या आठवड्यात एक रात्र रिकामी गेली होती, तिचे ६० डॉलर थकले होते, तेही आजच्या खात्यावर चढले होते. म्हणजे देणं १८०. साडेतीन तास काम करून ती ७७ डॉलर उणे होती. रात्री दोनला निघताना डीजेला आणि दारावरच्या माणसांना हिस्सा द्यायचा तो वेगळा. उशीर झाला तर दंड तोही वेगळा.

मी १७ वर्षं लोकांचे पगार काढते. कपात पगारापेक्षा मोठी निघाली तर आम्ही समजतो की पत्रकात चूक आहे, आणि पुन्हा तपासतो. इथे चूक कुठेच नव्हती. हिशोबच तसा होता. त्या वर्षी सिॲटलमध्ये मोठ्या मालकांनी द्यायचं किमान वेतन तासाला १८.६९ डॉलर होतं. साडेतीन तासांचे साधारण ६५ झाले असते, सोडा आणून देणाऱ्या मुलीलाही. नाचणारीला ते लागू नव्हतं, कारण कागदोपत्री ती नोकर नव्हती, स्वतंत्र कंत्राटदार होती. पण कामाला कधी यायचं, स्टेजवर कितव्या नंबरला जायचं, उशिराला किती दंड, हे सगळं क्लब ठरवणार. ज्याची हजेरी मालक घेतो तो कंत्राटदार कसा, हा प्रश्न तिने मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चांगली रात्रही असते, हे तिने लपवलं नाही. शनिवारी कधी सहाशे-सातशे सुटतात. तिच्या ओळखीतल्या एकीला एका रात्रीत हजारावर मिळाले होते, तेही तिने सांगितलं. पण ती रात्र सगळे सांगतात, मंगळवार कुणी सांगत नाही, असं म्हणाली. आपल्या पुरवणीतलं वाक्य त्या एका शनिवारचं आहे.

मी विचारलं, भीती वाटते का? तिने आतल्या खोल्यांकडे बोट केलं आणि म्हणाली, तिथे भिंतीला बटण आहे, दाबलं की माणूस येतो. हे बटण क्लबने आपण होऊन बसवलेलं नव्हतं. नर्तकींनी स्वतः आमदारांपुढे जाऊन आपले अनुभव सांगितले, तेव्हा वॉशिंग्टन राज्याने २०१९ साली कायदा करून ते सक्तीचं केलं.

बोलता बोलता पंधरा-वीस मिनिटं झाली होती. मग माझ्या लक्षात आलं की तिचा वेळ मी फुकट घेते आहे. या वेळात तिला एखादं गिऱ्हाईक मिळालं असतं. मी ४० डॉलर पुढे केले. तिने आधी नको म्हटलं, बोलायचे पैसे घेत नाही म्हणाली. मी म्हटलं, घ्या, नाहीतर माझा हिशोब चुकेल. तेव्हा घेतले. माझ्या हातून पेन घेऊन तिने टिश्यूवर ७७ मधून ४० वजा केले, खाली ३७ लिहिलं, पुढे उणेचं चिन्ह काढलं, भोवती गोल केला आणि टिश्यू माझ्या हातात दिला. तिचं नाव पुकारलं गेलं. स्प्रेची बाटली घेऊन ती गेली.

परत आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. मला सगळ्यात आधी कळली ती दारूची भानगड. इतर बऱ्याच राज्यांत क्लबचा गल्ला दारूवर भरतो. तिथे दारूला बंदी, म्हणून मालकाने आपली वसुली प्रवेशशुल्कावर आणि नाचणाऱ्यांवर टाकलेली. नीतिमत्तेसाठी केलेल्या नियमाचा भार शेवटी त्या मुलींच्या खिशावर पडला होता. मार्च २०२४मध्ये त्या राज्याने नवा कायदा केला. हाऊस फी १५० डॉलर किंवा त्या रात्रीच्या कमाईच्या ३० टक्के, यांतली जी रक्कम कमी तेवढीच घेता येईल, असं त्यात ठरलं. थकलेली फी पुढच्या रात्रीवर चढवता येत नाही. कपडे बदलायच्या खोलीला कोडचं कुलूप, सुरक्षेला स्वतंत्र माणूस, हेही त्यात आहे, आणि दारूच्या परवान्याची वाटही त्याच वेळी मोकळी झाली. मी लगेच टिश्यू काढला. १०३चे ३० टक्के म्हणजे ३० डॉलर ९० सेंट. मागचे ६० शून्य. त्या मंगळवारी हा कायदा असता, तर साडेअकराला ती ७७ने उणे नसती, ७२ने वर असती. वर माझे ४०. हे मी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत केलं आणि मला भरून आलं. फरक फक्त एका कायद्याचा होता.

आणखी एक गोष्ट वाचली ती इथे सांगावीशी वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत लस्टी लेडी नावाची जागा होती. तिथे काचेपलीकडे नाच चाले, आणि काही काचा एकतर्फी आरशाच्या होत्या. त्यांच्याआडून लोक चोरून चित्रीकरण करत. नर्तकींनी १९९६ साली मतदान करून युनियन केली, १९९७ला करार मिळवला, आणि २००३ साली ती जागाच कामगारांची सहकारी संस्था झाली. तिथे काम करणाऱ्यांनीच ती चालवली. २०१३मध्ये ती बंद पडली, पण दहा वर्षं टिकली. अलीकडचं उदाहरण नॉर्थ हॉलिवूडमधल्या स्टार गार्डन क्लबचं. सुरक्षिततेच्या तक्रारींवरून वाद पेटला आणि मार्च २०२२मध्ये तिथल्या नर्तकी क्लबबाहेर फलक घेऊन उभ्या राहिल्या, महिनोन्महिने. मे २०२३मध्ये त्यांनी एकमताने नाटकातल्या नटांच्या अमेरिकी युनियनमध्ये जायचं ठरवलं. कंत्राटदार कोणाला म्हणायचं, याचा कडक निकष कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिला, तो डायनामेक्स या कुरिअर कंपनीच्या चालकांच्या खटल्यात. पार्सल पोचवणाऱ्या माणसाने लढलेला खटला खांबावर नाचणाऱ्या बाईच्या उपयोगी पडला. माझ्यासारखीला यात मोठा दिलासा वाटतो.

आपले काही वाचक म्हणतील, की अशा जागा मुळात असाव्यातच का? प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. आइसलँडने २०१० साली अशा क्लबांवर बंदी घातली, आणि ती मागण्यात स्त्रियाच पुढे होत्या. त्यांचं म्हणणं मला समजतं. आत शिरताना माझंही तेच होतं. पण बंदी नाही तिथे आज रात्री कुणीतरी खांब पुसून कामाला उभी राहते, आणि तिच्या कमाईबद्दल खोटं लिहिलं की तिच्या मागण्या हास्यास्पद ठरतात. हजारो डॉलर सहज मिळवणारीला किमान वेतन कशाला, बटण कशाला, असं वाचणाऱ्याला वाटणार. त्या एका वाक्याला माझा आक्षेप आहे तो यासाठी.

म्हणून विनंती, की पुढच्या रविवारी त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहायचंच आहे, तर एवढं जरूर लिहावं: सुट्ट्या नोटा घेऊन जा. नोट द्यायची नसेल तर कठड्याशी बसू नका, मागे बसा. दाखवलेली नोट मागे घेऊ नका. फोन खिशातच ठेवा. हात लावू नका. जवळ येऊन कुणी बोलत बसली तर त्या वेळाचे पैसे द्या, किंवा आपल्याला नको आहे हे लगेच आणि नीट सांगा, म्हणजे ती दुसऱ्या टेबलाकडे जाऊ शकेल. उगाच खोळंबवू नका.

लेखकाला हवा असेल तर टिश्यूचा फोटो पाठवते. शाई थोडी पुसट झाली आहे, पण गोल केलेला ३७ आणि त्यापुढचं उणेचं चिन्ह नीट वाचता येतं.

आपली,
एक नियमित वाचक

(कृपया नाव छापू नये. त्या रात्री बरोबर असलेले सहकारीही आपला पेपर वाचतात.)